माघारीचा नियम नक्की कोणता? एका चुकलेल्या परिच्छेदाची गोष्ट



पीएचडीच्या तयारीत असलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "समीक्षा म्हणजे नक्की काय करायचं? आवडलं-नावडलं सांगायचं का?" याचं उत्तर व्याख्येतून देण्यापेक्षा माझ्याच प्रबंधातल्या एका चुकलेल्या परिच्छेदावरून देते. विषय जरा वेगळा वाटेल. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये हातघाईच्या लढाईतून माघार घेण्याचे नियम. पण पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते, त्यामुळे खेळ माहीत नसला तरी वाचत राहा. लागेल तेवढं मी सांगत जाईन.

थोडी पार्श्वभूमी. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे जग, राक्षस आणि निवाडा त्याच्याकडे. काय होईल हे काही बोलून, काही फासे टाकून ठरतं. यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तो अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची मुळं वॉरगेममध्ये आहेत. 1971 चा 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंच त्याच्या पायाशी आहे.

परिच्छेद कसा लिहिला गेला

आमच्या ग्रुपमध्ये दर शनिवारी खेळ होतो आणि बहुतेक वेळा डंजन मास्टर मीच असते. गेल्या वर्षी एका लढाईत संघाची दाणादाण उडाली. तिघे कसेबसे निसटले. माझ्या मैत्रिणीचं पात्र, एक ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे बुटका धर्मयोद्धा, मागे राहिलं आणि मेलं. दोन वर्षं जपलेलं पात्र होतं. ती गप्प झाली, आणि मी मात्र बोलून गेले, "अगं, पळायला कोणी अडवलं होतं तुला? नियम आहे ना!"

पुढच्याच आठवड्यात मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं: खेळाडू माघार घेत नाहीत, कारण वीरकथेची चौकट त्यांना शेवटपर्यंत लढायला लावते. नियम माघारीची सोय देतात, खेळाडू ती नाकारतात. वाक्य मला भलतंच आवडलं होतं.

सरांनी समासात एकच ओळ लिहिली: "नियम सोय देतात हे कशावरून? मोजून दाखव."

आता हे मोजायचं कसं? तिथून खरं काम सुरू झालं.

आधी मजकूर नीट वाचू

आम्ही खेळतो ती पाचवी आवृत्ती, 2014 ची. तिच्या 'प्लेयर्स हँडबुक'मधल्या लढाईच्या प्रकरणात माघारीशी संबंधित मुख्य गोष्टी अशा आहेत.

एक: शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून तुम्ही बाहेर पाऊल टाकलंत, की त्याला एक फुकटचा वार करता येतो. याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात. तो प्रत्येक शत्रूला फेरीत एकदाच मिळतो.

दोन: तुम्ही आपल्या पाळीतली कृती 'डिसएंगेज'साठी खर्च केलीत, तर त्या पाळीत तुमच्या हालचालीवर हा फुकटचा वार होत नाही.

तीन: 'डॅश' केलंत तर वेगाइतकं आणखी अंतर जाता येतं. म्हणजे 30 फुटांऐवजी 60. पण फुकटचे वार चुकत नाहीत.

चार: 'डॉज' केलंत, म्हणजे पूर्ण लक्ष अंग वाचवण्यावर दिलंत, तर तुम्हाला दिसणाऱ्या शत्रूंना तुमच्यावर वार करताना दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यावा लागतो.

माझं गृहीतक असं होतं की डिसएंगेज हा माघारीचा नियम आहे. नावच तसं आहे ना! इथे पहिला धडा. नियमाचं नाव म्हणजे नियमाचं काम नव्हे. कायदा, शासकीय योजना, शाळेची नियमावली, काहीही अभ्यासत असाल तर हे वाक्य वहीत लिहून ठेवा. शीर्षक काय म्हणतं ते वेगळं, आणि मजकूर प्रत्यक्षात काय घडवतो ते वेगळं.

आता हिशोब

तोच प्रसंग घेऊ. मैत्रिणीच्या क्लेरिकचे फक्त 2 हिट पॉइंट उरले होते. मंत्रांचे स्लॉट संपलेले. अंगात साखळी-चिलखत, हातात ढाल. दोन्ही मिळून आर्मर क्लास 18, म्हणजे तिला वार लागायला शत्रूची एकूण बेरीज 18 किंवा जास्त यायला हवी. समोर तीन हॉबगॉब्लिन, हातात तलवारी. त्यांना फाशात 3 मिळवायचे असतात, म्हणजे 20 बाजूंच्या फाशावर 15 ते 20 आलं तर वार लागतो. सहा आकडे, म्हणजे 30 टक्के. लागलेल्या वाराचं कमीत कमी नुकसान 2. थोडक्यात, कुठलाही एक वार लागला की ती कोसळणार. (शून्यावर जाणं म्हणजे लगेच मरण नव्हे, पण आजूबाजूला उचलायला कोणी नसेल तर फरक फारसा उरत नाही.) हॉबगॉब्लिनांची धनुष्यं आणि खास कौशल्यं मी हिशोबाबाहेर ठेवते. ती धरली तर पळणाऱ्याची अवस्था आणखीच वाईट होते.

आणि हे विसरू नका: 2014 च्या नियमांत ड्वार्फचा वेग 25 फूट, हॉबगॉब्लिनचा 30.

पर्याय पहिला, नुसतं चालत सुटणं. निघताना तीन फुकटचे वार. मग तिघंही 30 फूट चालून तिला गाठतात आणि आपापल्या पाळीत पुन्हा तीन वार. सहाच्या सहा चुकण्याची शक्यता 0.7 चा सहावा घात, म्हणजे सुमारे 12 टक्के.

पर्याय दुसरा, डिसएंगेज. निघताना वार नाही. ती 25 फूट जाते, ते तिघे मागोमाग येतात आणि तीन वार करतात. वाचण्याची शक्यता 0.7 चा तिसरा घात, सुमारे 34 टक्के. पुढच्या फेरीत परिस्थिती जशीच्या तशी, फक्त जागा 25 फूट सरकलेली.

पर्याय तिसरा, डॅश. निघताना तीन फुकटचे वार, ती 50 फूट दूर. त्यांनाही डॅश करूनच गाठावं लागतं, त्यामुळे त्यांच्या पाळीत वार करायला कृती उरत नाही. पुन्हा तेच 34 टक्के. आणि फेरी संपताना ते पुन्हा शेजारीच.

पर्याय चौथा, जागेवरच उभं राहून डॉज. आता प्रत्येक वार लागण्याची शक्यता 0.3 गुणिले 0.3, म्हणजे 9 टक्के. तीन वार चुकण्याची शक्यता 0.91 चा तिसरा घात: सुमारे 75 टक्के!

हा आकडा आला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. पळण्यापेक्षा ढाल धरून तिथेच उभं राहणं दुपटीहून जास्त सुरक्षित.

मग पाचवा पर्याय सुचला. डॉज करायचं आणि चालायचंही. निघताना तीन वार, गाठल्यावर तीन वार, पण सगळे 9 टक्क्यांचे. 0.91 चा सहावा घात, सुमारे 57 टक्के. म्हणजे फुकटचे वार अंगावर घेत सावध चालणं हेसुद्धा डिसएंगेजपेक्षा बरंच चांगलं निघालं.

हे फक्त याच उदाहरणापुरतं आहे का? संशोधनात हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. वार लागण्याची शक्यता p मानू. डिसएंगेज केल्यावर एका शत्रूपासून बचावण्याची शक्यता 1−p. डॉज करून चाललं तर (1−p²) चा वर्ग. दोन्ही समान कधी होतात हे सोडवलं तर p + p² = 1 असं समीकरण मिळतं, आणि उत्तर येतं p = 0.618. गणितवाले ओळखतील, हाच तो सुवर्ण गुणोत्तराचा आकडा. आकड्याचं कौतुक बाजूला ठेवू. अर्थ एवढाच की वार लागण्याची शक्यता 60 टक्के किंवा कमी असेल आणि शत्रू पाठलाग करणार असेल, तर डिसएंगेजपेक्षा डॉज करून चालणं बरं. 65 टक्के किंवा जास्त असेल तर डिसएंगेज बरं. शत्रू किती आहेत यावर हे अवलंबून नाही, फक्त ते सगळे गाठणारे हवेत.

म्हणजे डिसएंगेज निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. शत्रू मागे येऊ शकत नसेल तेव्हा तो उत्तम चालतो. मध्ये साथीदार उभा आहे, दार अरुंद आहे, किंवा तुम्ही जादूगार आहात आणि फक्त दहा फूट मागे सरकायचंय. रोग वर्गाच्या पात्राला ही कृती कमी खर्चात मिळते, त्यामुळे वार करायचा आणि सटकायचं हा त्याचा सगळा डौल त्यावरच उभा आहे. तर मग निष्कर्ष असा: डिसएंगेज हा जागा बदलण्याचा नियम आहे, माघारीचा नव्हे. हँडबुकच्या लढाईच्या प्रकरणात पावलाची किंमत लिहिली आहे. सुटकेची लिहिलेलीच नाही.

माझ्या मैत्रिणीला पळायला कोणी अडवलं नव्हतं हे खरं. पण पळून ती कुठेही पोचली नसती. 25 फूट वेगाने 30 फूटवाल्यापासून दर फेरीला 34 टक्क्यांचा जुगार खेळत राहायचं, दोन फेऱ्यांत 12 टक्के. ती थांबली आणि लढली. मी त्याला हट्ट म्हटलं होतं.

बरं, पूर्वी काय होतं?

इथे दुसरा मोह समोर येतो: "जुने नियम चांगले, नवे वाईट." या मोहाला आकडे विचारायला हवेत, कारण पावलाची किंमत पाहिली तर जुने नियम मुळीच दयाळू नाहीत.

1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये, म्हणजे ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत, लढाई तोडून पळणाऱ्यावर शत्रूला वारांचा एक पूर्ण फेरा फुकट मिळतो. तोही पाठीमागून, आणि जणू समोरचा सुन्न झालेला आहे असं धरून. याला माघारीची सोय म्हणणं कठीण आहे.

1981 च्या बेसिक संचात, टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या, दोन प्रकार आहेत. अर्ध्या वेगाने लढत-लढत मागे सरकणं, त्याला वेगळा दंड नाही. आणि त्याहून वेगाने पळणं. तेव्हा शत्रूला 2 ची बढती मिळते आणि तुमची ढाल मोजली जात नाही. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतही अशीच जोडी आहे: एक-तृतीयांश वेगाने सावध मागे जा, नाहीतर पळा आणि फुकटचा वार खा. 'अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी' हे नाव 1995 च्या 'कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स' या पुरवणी पुस्तकात आलं आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत लढाईच्या केंद्रस्थानी गेलं. 2003 च्या सुधारित नियमांत 'विथड्रॉ' करून दुप्पट अंतर जाता येतं. पण मोकळ्या सरळ रेषेत शत्रूही दुप्पट अंतर धावून 'चार्ज' करू शकतो, वर 2 ची बढती घेऊन. म्हणजे पुन्हा तेच.

मग फरक कुठे आहे? पावलानंतर.

1974 च्या मूळ पुस्तिकांमध्ये, तिसऱ्या खंडात, पाठलागाबद्दल थोडक्यात पण अगदी नेमकं लिहिलंय. पळणारे कोपऱ्यावरून वळले, दारातून गेले किंवा जिना चढले-उतरले, तर राक्षस सहा बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 आला तरच मागे येतो. गुप्त दार असेल तर फक्त 1 वर. जळतं तेल ओतलं तर पुष्कळ राक्षस थबकतात. खाण्याचं काही टाकलं तर बुद्धिहीन राक्षस 90 टक्के वेळा त्यात अडकतो, बुद्धिमान फक्त 10 टक्के. धन टाकलं तर उलट. 1981 मध्येही हा धागा टिकून आहे. अन्न किंवा धन टाकलं की सहापैकी तीन शक्यता राक्षस थांबण्याची. शिवाय मनोधैर्याचा ऐच्छिक नियम: बाजूचा पहिला गडी पडला की, आणि निम्मे गारद झाले की, दोन फासे टाकायचे. बेरीज मनोधैर्याच्या आकड्याहून जास्त आली तर राक्षसच काढता पाय घेतात. त्या पुस्तकात हॉबगॉब्लिनचा आकडा 8 आहे. दोन फाशांवर 9 किंवा जास्त येण्याची शक्यता 36 पैकी 10, साधारण 28 टक्के.

1979 चं ते कठोर कलम पुन्हा वाचा. फुकटचा फेरा झाल्यावर पुढे एक महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे. पळणारा पूर्ण वेगाने जाऊ शकतो, आणि शत्रू मागे लागला नाही किंवा जास्त वेगवान नसला तर हातघाई संपली. तिथून पुढे गाठभेट टाळण्याचे नियम लागू. म्हणजे लढाईच्या खोलीला एक दार आहे आणि त्यावर पाटी लावलेली आहे. किंमत जबर आहे, पण ती मोजल्यावर तुम्ही वेगळ्या नियमांच्या प्रदेशात पोचता.

अजून एक धागा: बक्षीस. त्या काळात अनुभवाचे गुण मुख्यतः धनातून मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानाने कमी. म्हणजे लढाई अर्धवट सोडून पिशवी घेऊन पळालात तर तुमचं फारसं काही बुडत नसे. 2014 मध्ये अनुभवाची मुख्य पद्धत राक्षसांवर मात करण्याशी बांधलेली आहे. पळालात तर जखमाही तुमच्या आणि गुणही नाहीत.

माझ्याविरुद्धचा पुरावा

आता प्रामाणिकपणाची वेळ. "पाचव्या आवृत्तीत पाठलागाचे नियमच नाहीत" असं मी लिहून टाकणार होते. ते चूक ठरलं असतं. 2014 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'च्या आठव्या प्रकरणात पाठलागाचे नियम आहेत, आणि चांगले आहेत. पाठलागात सहभागी असलेले एकमेकांवर ऑपॉर्च्युनिटी अटॅक करू शकत नाहीत. 3 अधिक काटकपणाची बढती एवढ्या वेळा डॅश फुकट, त्यानंतर दम लागण्याची तपासणी. नजरेआड झालात तर लपून सुटता येतं. मनोधैर्याचा ऐच्छिक नियमही त्याच पुस्तकात आहे.

मग माझी टीका कोसळली का? मलाही क्षणभर तसं वाटलं. पहिला प्रतिवाद सुचला तो असा: "पण ते खेळाडूंच्या पुस्तकात नाही!" तो टिकत नाही. 1979 मध्येही लढाईचे नियम डंजन मास्टरच्याच पुस्तकात होते. नुसतं पुस्तक वेगळं असणं हे कारण होऊ शकत नाही.

खरा फरक जोडणीत आहे. 2014 च्या लढाईच्या प्रकरणात "आता ही लढाई राहिली नाही, पाठलाग झाला" असं सांगणारं वाक्य नाही. हे दार कधी उघडायचं, कोणी उघडायचं, ते डंजन मास्टरच्या मनावर सोडलंय. त्याला आठवलं तर पाठलाग, नाहीतर पाळीमागून पाळी 25 फूट आणि 30 फूट. त्या शनिवारी मला आठवलं नाही. म्हणून सुधारलेला दावा असा: सुटकेचे नियम हरवलेले नाहीत, त्यांच्याकडे जाणारी वाट हरवली आहे. हा दावा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण टिकतो. 2024 च्या सुधारित हँडबुकातही डिसएंगेज आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅक कायम आहेत, त्यामुळे प्रश्न जुना झालेला नाही.

"पण खऱ्या लढाईत असंच होतं ना?"

सेमिनारमध्ये हा प्रश्न आलाच. आणि त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच अधिकारी आर्दां द्यु पिक याने प्राचीन लढायांवरून असं मांडलं की खरी कत्तल समोरासमोर होत नाही, ती एक बाजू पाठ फिरवते तेव्हा होते. पाठ दाखवणं महाग आहे, हे फुकटच्या वाराचं समर्थन म्हणून मला मान्य आहे.

पण वास्तवाचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यायला हवा. पाठलाग करणाऱ्यालाही दम लागतो, त्याच्याही अंगावर लोखंड असतं, त्यालाही पुढच्या वळणावर काय आहे याची धास्ती असते. आणि प्रत्येक विजेता मागे लागतोच असं नाही. पाऊल टाकताना वास्तव आणि पाठलागात मात्र अथक यंत्र, ही अर्धीच वास्तवता झाली.

एक गोष्ट कुठल्याच आवृत्तीचा पावलाचा नियम पकडत नाही: खिंड लढवणं. एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी निसटायचं. पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाची पाळी वेगळी, त्यामुळे माघारीचा निर्णय एकेकट्याचा होतो. पहिला निसटला की उरलेल्यांवर वार वाढतात, दुसरा निसटला की आणखी. शेवटच्याला सगळ्यांची किंमत भरावी लागते, आणि तो शेवटचा कोण हे बऱ्याचदा वेग ठरवतो. आमच्याकडे ती ड्वार्फ होती. तिने खिंड लढवली असं म्हणायला हवं होतं. टेबलावर कोणी तसं म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या वाटाही आहेत

समीक्षेत "हे चुकलं" म्हणून थांबायचं नसतं. दुसरं काय शक्य होतं हेही दाखवायचं असतं, आणि शक्यतो कल्पनेतून नाही, अस्तित्वात असलेल्या उदाहरणांतून.

2013 चा 'थर्टीन्थ एज' घ्या. रॉब हाइनसू आणि जोनाथन ट्वीट हे त्याचे कर्ते. ट्वीट डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या रचनेत होते, हाइनसू चौथ्या. त्यांच्या खेळात माघार हा अख्ख्या संघाचा निर्णय आहे. कोणाच्याही पाळीत कोणीही सुचवायचं, सगळे हो म्हणाले की सगळे सुटले, पडलेल्यांना उचलून घेऊन. फासा नाही. पण त्याबदल्यात मोहिमेत मोठा तोटा सोसायचा, म्हणजे कथेत काहीतरी महत्त्वाचं बिनसतं. किंमत शरीरावरून कथेवर हलवली.

त्याच वर्षीचा 'फेट कोअर' आणखी पुढे जातो. तिथे प्रतिस्पर्ध्याचा फासा पडण्याआधी तुम्ही हार मान्य करू शकता. मग आपण कसे हरलो हे ठरवण्यात तुमचा शब्द असतो आणि वर फेट पॉइंटही मिळतात. हरण्याची वेळ निवडणं हे तिथे कौशल्य आहे.

हे दोन्ही खेळ डी अँड डीपेक्षा चांगले, असं मी म्हणत नाही. थर्टीन्थ एजमध्ये पळताना धडधडत नाही. दार गाठू की नाही, ही धाकधूकच नाहीशी होते. 1974 च्या नियमात ती आहे: शेवटची भाकरी फेकायची, कोपऱ्यावरून वळायचं आणि फाशाकडे बघायचं. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. माघार पूर्ण होण्याची काहीतरी अट लिहिलेली आहे.

सुधारलेला परिच्छेद

शेवटी प्रकरणात गेलं ते असं: "2014 च्या नियमांत हातघाईतून बाहेर पडण्याच्या पावलाची किंमत नेमकी लिहिली आहे, परंतु पाठलाग करणाऱ्या, समान किंवा अधिक वेगाच्या शत्रूपासून सुटका कधी पूर्ण होते हे लढाईच्या प्रकरणात लिहिलेलं नाही. पाठलागाचे नियम उपलब्ध असले तरी तिकडे वळण्याचा क्षण डंजन मास्टरच्या विवेकावर सोडलेला आहे. अशा स्थितीत न पळणं हा खेळाडूचा हट्ट न ठरता वाजवी हिशोबही असू शकतो."

'असू शकतो' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. मजकुरावरून मी एवढंच म्हणू शकते. खेळाडू खरोखर हा हिशोब करतात का, हे सांगायला टेबलांजवळ बसून बघावं लागेल, मुलाखती घ्याव्या लागतील. ते वेगळं काम आहे. नियमांच्या पुस्तकातून माणसांच्या मनाबद्दल निष्कर्ष काढणं, हीच तर माझी मूळ चूक होती. आणि ती चूक कागदावर करण्याआधी मी मैत्रिणीच्या तोंडावर केली होती.

तुमच्यासाठी सराव: आपल्या विषयातला 'बाहेर पडण्याचा' एखादा नियम घ्या. प्रवेश रद्द करण्याचा, भाडेकरार संपवण्याचा, योजनेतून नाव काढण्याचा. त्यात पावलाची किंमत कुठे लिहिली आहे आणि सुटका पूर्ण कधी होते हे कुठे लिहिलंय, ते दोन रंगांत अधोरेखित करा. दुसरा रंग सापडला नाही, तर लगेच "नाहीच" असं लिहू नका. आधी शेजारचं पुस्तक उघडा.

मैत्रिणीला मी सगळा हिशोब दाखवला आणि माफी मागितली. तिने 34 टक्क्यांच्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मी ढाल धरून उभी राहायला हवं होतं, तर." मग आम्ही टेबलासाठी एक घरगुती नियम लिहिला. फेरीच्या सुरुवातीला संघातले सगळे "पळतोय" म्हणाले, की लढाई तिथेच थांबते आणि पाठलागाचे नियम सुरू होतात. गेले दोन महिने तो चालू आहे.

तिचं नवं पात्र वुड एल्फ आहे. वेग 35 फूट.